उन्हाचा सराव

३ मार्च
नोकरी झकास लागली! वरच्या मजल्यावर खोली, दोन वेळचं जेवण आणि शिकवायला एकच मुलगी. नऊ वर्षांची, बोलायला लागली की थांबत नाही. तिला ऊन चालत नाही, म्हणून घरात सगळे तिला पाकोळी, म्हणजे छोटं वटवाघूळ, म्हणतात. तिच्या खोलीच्या काचांना काळा कागद, वर जाड पडदे. आई गेल्या वर्षी वारली. वडील व्यायामशिक्षक, अतिशय अदबशीर. घर आत्या सांभाळतात.

६ मार्च
आज पेशी शिकवल्या. उन्हानं सगळ्यांच्याच पेशींतला डीएनएचा धागा बिघडतो. पेशी खराब तुकडा कापून काढतात, त्या जागी नवा विणतात. पाकोळीच्या पेशींना ही दुरुस्ती जन्मापासूनच जमत नाही. बिघाड साचत जातो, फोड येतात, पुढे कर्करोग. हे तिनंच मला सांगितलं, आईनं शिकवलं होतं. "म्हणजे बाई, माझा शिंपी कायमचा रजेवर!" म्हणाली आणि खो खो हसली.

१० मार्च
काळ्या कागदाचा कोपरा पुन्हा सोललेला. परवाच मी चिकटवला होता. आत्यांना विचारलं, तर मान खाली घालून भांडी घासत राहिल्या. वडिलांनी मात्र शांतपणे सांगितलं, कागद तेच काढतात, रोज थोडा थोडा. सरावाशिवाय स्नायू वाढत नाही, पेशींचंही तसंच. आईनं लाड करून पोरीला पांगळं केलं. मी म्हटलं, स्नायू मुळात असावा तर लागतो. ते हसले.

१२ मार्च
गालावर फोड. डोळे सुजलेत. बाबांना सांगू नका म्हणते, ते नाराज होतील. डॉक्टरांना फोन लावला, तर वडिलांनी तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला. फाटकाला कुलूप —

१३ मार्च
पहाटे डॉक्टर आलेत असं सांगून वडिलांनी आम्हा दोघींना मागच्या खोलीत बोलावलं. आत गेलो आणि बाहेरून कडी लागली. उघड्या काचा. पडदा नाही, पलंग नाही, आडोसा म्हणून काही नाही. तिला माझ्या शालीत गुंडाळून कोपऱ्यात बसवलंय. आत्या दारापलीकडे रडतायत. कडी काढा म्हटलं. दादाला विचारून येते म्हणाल्या —

ऊन आलं. भिंतीवरून खाली सरकतंय —

ते अंगणात. टाळ्या वाजवून तिला हाक मारतायत. खिडकीत ये, शाब्बास, माझी वाघीण ती. असं कधीच म्हणाले नव्हते तिला —

ती हसतेय. शाल काढतेय. एका हातानं घट्ट धरलंय, पण ती चावली, हात सुट—