गव्हावर गहू

२७ ऑगस्ट २००६, गणेश चतुर्थी

आजपासून मी, कुंडलिक, अवसरी बुद्रुकचा गिरणीवाला! भोसरीची कंपनी बंद पडली तेव्हा सासरवाडीने मला मोडीत काढलं होतं. आज त्यांच्यातलेच दोघे येऊन पेढे खाऊन गेले. सकाळी ओझरला विघ्नहराचं दर्शन घेतलं आणि तिथला नारळ गिरणीच्या मोटारीपुढे फोडला. बायकोने, आरतीने, पट्ट्याला हळदकुंकू लावलं. आमच्या पोरीने, श्रेयाने, पडत्या गरम पिठात हात खुपसला आणि कोपरापर्यंत पांढरी झाली. काढ म्हटलं तर काढेना.

जागा, मोटार, दगड सगळं गेणभाऊंचं. भाडं त्यांना द्यायचं, लाईटबिल माझं मी भरायचं. माणूस गोड बोलतो. आधी म्हस्कू नावाचा कुणी गिरणी चालवायचा, तो बिल बुडवून पळाला म्हणून वर्षभर कुलूप होतं, असं त्यांनी सांगितलं. धंद्याचा जम बसला की दिवाळीला आरती आणि श्रेयाला निमगाव सावाहून इकडे आणायचं आहे. श्रेयाला इथल्याच शाळेत घालू.

६ सप्टेंबर

गिरणीवाल्याचा धर्म एकच. गव्हावर गहू, बाजरीवर बाजरी. दगडांत आधीचं मूठभर पीठ राहतंच, त्यामुळे डबा ठेवण्याआधी बाया विचारतात, "कशावर दळताय?" बाजरीवर गहू घातला की चपाती काळी येते आणि घरोघर माझा उद्धार होतो. म्हणून मी सकाळी गहू आणि संध्याकाळी बाजरी अशी पाळी लावली आहे. दुपारभर भारनियमन असतं. तेव्हा मागच्या खोलीत ताणून देतो. सुखी माणसाचा सदरा सध्या माझ्याच अंगात आहे.

१९ सप्टेंबर

बिल आलं. आधी वाटलं, एखाद्या साखर कारखान्याचं चुकून माझ्या दारात टाकलं. सगळी कमाई ओतली तरी अर्धंही भागणार नाही. कंपनीत चहात साखर कमी पडली तरी साहेबाच्या टेबलावर कप आपटणारा माणूस मी. न केलेल्या चोरीचा दंड मी भरायचा नाही.

२२ सप्टेंबर

वीज ऑफिसात जाऊन भांडलो. साहेबांनी माणूस पाठवला, त्याने मीटर तपासला आणि ठीक आहे म्हणाला. दिवाळीपर्यंत भरलं नाही तर लाईन कापणार. जाताना हसून म्हणाला, "भाऊ, मीटर काय खोटं बोलतंय व्हय? कुनीतरी वापरतंयच की."

हे मात्र पटलं. कुणीतरी माझ्या मीटरवरून वायर ओढली असणार. खांबापासून छपरापर्यंत सगळं धुंडाळलं. गेणभाऊंच्या विहिरीकडच्या भिंतीत एक भोक सापडलं. आत कापलेल्या वायरचं टोक होतं, पण जुनं, गंजलेलं. गेणभाऊंना विचारलं तर म्हणाले, उंदराचं बीळ असेल. वायर खाणारा उंदीर मी पाहिलाय, वायर ओढणारा अजून नाही.

४ ऑक्टोबर

आज दुपारी झोपलो नाही. मीटरसमोर खुर्ची टाकून बसलो. लाईट गेली, गावातले टीव्ही गप्प झाले, मीटरची चकती थांबली. मेन स्विच मी स्वतः खाली ओढला होता.

चकती पुन्हा फिरायला लागली. आधी हळू, मग दिसेनाशी झाली. मोटार घुमली, पट्टा सळसळला आणि रिकामे दगड एकमेकांवर घासू लागले. ठिणग्या उडाल्या. जळक्या केसांसारखा वास आला. मी बाहेर पळालो आणि लाईट येईपर्यंत पारावर बसून राहिलो.

आता ऑफिसात काय अर्ज करू? लाईट नसताना गिरणी चालते, तरी बिल कमी करावे?

५ ऑक्टोबर

बायांनी डबे परत आणले. पीठ तांबूस, आणि कुबट. एकीने ओरडून विचारलं, "कशावर दळलंस रं हे?" मी म्हणालो, गव्हावर. तिने डबा माझ्या तोंडावर मारला. ओठ फाटला.

९ ऑक्टोबर

भर दुपारी एक मेंढी सावलीला आत शिरली. लाईट नव्हती. मी दारातच होतो. पट्टा एकदम सुरू झाला, तिचा पाय ओढला गेला, आणि ती पुलीवर आपटत राहिली, मान तुटेपर्यंत. माझ्या सदऱ्यावर, भिंतीवर, गव्हाच्या डब्यांत, सगळीकडे रक्त.

मेंढी बानूबाईची. ती शेजारच्या रानात कळप घेऊन असते. मी पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत. दारातून दगडांकडे बघत राहिली. मग म्हणाली की म्हस्कू तिचा नवरा. गेणभाऊ याच मीटरवरून विहिरीची मोटार चालवायचे, ते म्हस्कूने पकडलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगणार होता. तो दुसरा दिवस आलाच नाही. "माजा मानूस बिल बुडवून पळनारा न्हाई," एवढं बोलून ती मेलेली मेंढी खांद्यावर टाकून गेली.

१२ ऑक्टोबर

रक्त धुवायचं आणि झिजलेल्या खाचांना टाकी लावायची म्हणून वरचा दगड उचलला. खाचांत काळं काहीतरी घट्ट बसलं होतं. छिन्नीने उकरलं. दाढ निघाली. माणसाची. आणि चपटं झालेलं चांदीचं कडं.

बानूबाईला दाखवलं. ती कडं मुठीत धरून खाली बसली. मी लहान पोरासारखा रडलो.

दीड महिना मी गावाला यावर दळून दिलं.

१६ ऑक्टोबर

मूर्खपणा केला. पोलिसांत जायच्या आधी गेणभाऊंच्या घरी जाऊन भांडलो. जीभ आवरत नाही ना माझी! कड्याचं, दाढेचं, भिंतीतल्या वायरचं, सगळं बोललो. ते ऐकत होते, सुपारी कातरत होते. शेवटी म्हणाले, "बिल मी भरतो राव. दिवाळी तोंडावर आलीया, पोरीला आना, गोड खावा."

आरतीला फोन करून येऊ नको म्हणायला हवं. पण काय सांगू तिला? सासरवाडी हसेल. परवा सांगतो.

१८ ऑक्टोबर

गिरणी बंद. तरी आत घरघर. चकती फिरतेच आहे. फ्यूजच्या ग्रिपा काढून खिशात ठेवल्या, तरी —

बूथवरून घरी फोन केला तर कळलं, आरती पोरीला घेऊन माहेरी गेलीय, उद्या तिथूनच परस्पर एसटीने येणार. तिथे फोन नाही, निरोप पोचणार नाही. उद्या स्टँडवर गाठतो, तिथूनच पोलिसांकडे.

१९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

डाव्या हाताने लिहितोय. उजवा मोडलाय. पायही.

स्टँडवर निघालो होतो. गेणभाऊ आले. आत ढकललं, शटर ओढलं. पहार घातली, आधी गुडघ्यावर, मग हातावर. हाडं मोडल्याचा आवाज ऐकला. मला केसांना धरून दगडांकडे ओढत म्हणाले, "म्हस्क्या बी असाच वरडला व्हता."

लाईट नव्हती. ग्रिपा माझ्या खिशात.

मोटार सुरू झाली.

पट्ट्याने त्यांचं उपरणं धरलं. मग हात. मग खांद्यापासून — मी डोळे मिटले. ऐकू येत होतं. खूप वेळ.

आता गिरणीच्या तोंडातून पीठ पडतंय. ओलं. वाफा येतायत.

दगड थांबत नाहीत. म्हस्कूचा सूड झाला ना? मग का —

शटर पट्ट्याच्या पलीकडे. मी अलीकडे.

एसटीचा हॉर्न. आल्या.

दगड कोरडे घासत नाहीत, सावकाश फिरतायत. पुढच्या दळणाची वाट बघतात तसे. मी गिरणीवाला आहे, मला कळतं. गव्हावर गहू. बाजरीवर बाजरी. माणसावर —

श्रेया बाहेरून विचारतेय, पप्पा, पीठ पडतंय का. ओरडतोय मी. घरघरीत ऐकू जात नाही.

ती हात घालणार. आल्या आल्या पिठात हात घालणार —

शटरखाली तिची बोटं दिसतात. उचलतेय. आरती, तिला मागे ओढ — पट्टा तिकडे झुकलाय — मी रांगत निघालोय, माझं अंग अडकलं तर थांबेल, थांबेलच — तिच्या आधी मी पोचलो तर