मी बोटीवर थांबेन

दुर्गेशदादा,

थायलंडच्या डायव्हिंगचे दोन्ही फॉर्म टीव्हीखाली ठेवले आहेत. तुझा भरला आहे, माझा कोराच आहे. ‘कानाचा काही त्रास?’ या प्रश्नापाशी मी अडलो, तेव्हा तू म्हणाला होतास, “नाई लिहून टाक न बे, कोन पाह्यते तिथं?” मला ते लिहवले नाही. काल सावंगीच्या दवाखान्यात कान दाखवून आलो. डाव्या पडद्याला जुने छिद्र आहे आणि खोल पाण्याचा दाब त्याला सोसणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. लहानपणी कधी मार लागला होता का, असेही त्यांनी विचारले. आठवत नाही, असे मी सांगितले.

तुला मात्र खोटे सांगवत नाही. देवळीच्या विहिरीत बुडी मारून मी कपारीत लपून राहिलो होतो, आणि वर येताच तू रडत रडत माझ्या कानशिलात मारली होतीस. तू रागावला नव्हतास, घाबरला होतास. हे मला तेव्हाही कळले होते.

हे वाचून सहल रद्द करू नकोस. मी येणार आहे, बोटीवर थांबेन. आईला यातले काही सांगू नकोस. बोरगावला आत्याकडे जातो आहे, रात्री जेवायला येईन. तेव्हा माफी वगैरे नको, नेहमीसारखी माझ्या ताटातली भाकर पळव.

समुद्रातून वर आलास की खाली काय काय पाहिलेस ते मला सावकाश सांग. फक्त माझ्या उजव्या बाजूला बसून सांग.

रोशन