कॅसेटमधल्या ‘अहों’ची तजवीज

हे लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी सगळ्यांची माफी मागतो. वकील म्हणाले, मृत्युपत्रात माफी लिहीत नाहीत. मी म्हटले, राहू द्या, कुणाला खुपणार आहे?

मी, खाली सही करणारा शिंपी, सातवीपर्यंत शिकलेला, आज पूर्ण शुद्धीत आहे. छातीत धडधडते, पण ते लहानपणापासूनच आहे. हे मी राजीखुशीने लिहीत आहे. बायकोने रोज "लिहा एकदाचं" म्हणून पाठ धरली, ती जबरदस्तीत मोडत नाही असे वकिलांनी सांगितले. याआधी एकदा मृत्युपत्र सुरू केले होते, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कुणाच्या तरी विजारीची मापे लिहिली गेली. ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर आणि बँकेत जे काही असेल ते पत्नीचे. तिला कुणी "आमच्याकडे चल" म्हणून हलवू नये. तिने स्वतः म्हटले तर गोष्ट वेगळी. ती म्हणणार नाही.

कलम २. शिवणयंत्र मुलीला, वेळच्या वेळी तेल देणार असेल तर. मोठी कात्री धाकट्या मेहुण्याला. माझ्या कापडाच्या कात्रीने त्याने पुठ्ठा कापला आणि वर म्हणाला, "कात्री ती कात्री, भाऊजी." तेव्हापासून ती कापड चावते. आता त्यानेच सांभाळावी.

कलम ३. आता ज्याच्यासाठी एवढा खटाटोप ते. हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम, राखाडी रंगाचा, साबणाच्या डबीपेक्षा थोडा मोठा, आणि त्यात बसलेली कॅसेट. हा मूळ थोरल्या मुलाचा. तो शिकायला बाहेर गेला आणि याला खणात टाकून गेला. त्याच्या आईने खण आवरता आवरता जो उचलला तो आजपर्यंत खाली ठेवलेला नाही.

खेळातला माणूस किल्ल्या गोळा करत हिंडतो. त्याला सुरुवातीला नाव द्यावे लागते. तिने इंग्रजी अक्षरे एकेक शोधून ए, एच, ओ अशी घातली. मला हाक मारते तीच. तेव्हापासून "अहो विहिरीत पडले", "अहोंना किल्ली मिळाली" असे घरात मोठ्याने चालते. त्याचे काही नाही. पण अधूनमधून ती "अहो मेले!" असे ओरडते. शेजारीणबाई पहिल्यांदा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या, तर मी दारात काजे करत बसलेलो. आता कुणी येत नाही. माझी खरी वेळ येईल तेव्हाही येणार नाही, याची मला फार काळजी वाटते. शेजाऱ्यांना विनंती, की हाक ऐकल्यावर एकदा खिडकीतून डोकावून जावे.

या यंत्राला आतून उजेड नाही. बाजूने दिवा धरावा लागतो, तोही तिरका, नाहीतर काचेत आपलेच तोंड दिसते. शिवणयंत्रावरचा मान वाकणारा दिवा मी त्यासाठी काढून दिला आहे आणि संध्याकाळी मीच तो धरतो. "जरा डावीकडे. डावीकडे म्हटलं ना! अहो, तुमच्यामुळे अहो मेले." हे ऐकून घ्यायची तयारी असेल त्यानेच पुढचे वाचावे.

मुलांचे म्हणणे, एवढा त्रास कशाला. थोरल्याने मोबाईलवर तोच खेळ घालून दिला. "फुकट आहे बाबा, आणि उजेडही आहे." तिने थोडा वेळ काचेवर अंगठे घासले आणि म्हणाली, "ह्याला बटण कुठंय? नुसतं तव्यासारखं घासत बसायचं!" मग मुलीने नवीन यंत्र आणले, दिसायला जुन्यासारखे, पोटात हजारो खेळ. यादी सरकवता सरकवता हिला डुलकी लागली. शेवटी आपला खेळ सापडला, सूरही तोच वाजला, आणि त्याने नाव विचारले. हिने यंत्र परत दिले.

"ह्यात अहो नाहीत."

"अगं आई, मग तेच नाव घाल ना."

"नाव घातलं की तेच होतात का? ह्याच्याकडे एक किल्ली नाही. कोण हा परका माणूस!"

जावईबापूंनी सुचवले, जुनीच कॅसेट बसेल असे नवे, उजेडवाले यंत्र घ्या. मला ते पटले होते, दिवा धरणे वाचले असते. पण दुखणे कॅसेटमध्येच आहे. आत बटणाएवढा सेल डाग देऊन बसवलेला असतो. खेळ कुठवर आला, नाव काय, हे सगळे त्याच्या जिवावर टिकते. तो संपला किंवा काढला की सगळे पुसले जाते. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याने थोरल्याची दुसरी कॅसेट लावून दाखवली. ती नाव विचारू लागली. उघडली तर आतला सेल मेलेला. अहोंची कॅसेटही त्या कॅसेटच्याच वयाची आहे. मी घरी सांगितलेले नाही, तुम्हीही सांगू नका.

उपाय आहे. कॅसेट वाचणारे एक लहानसे उपकरण मिळते. ते वायरने संगणकाला जोडायचे आणि कॅसेट खोचायची, की खेळ आणि आतले अहो दोन्ही उतरवून घेता येतात. मग सेल बदलायचा आणि अहोंना परत आत घालायचे. हवे तर नव्या यंत्रातही तेच अहो जातात, सगळ्या किल्ल्यांसकट. घड्याळवाला सेल बदलायला तयार आहे, पण त्याच्याकडे संगणक नाही. संगणक जावईबापूंकडे आहे. ते म्हणाले, "बघतो." थोरला म्हणाला, "बघतो." मुलगी म्हणाली, "ह्यांना बघायला सांगते." या घरात सगळे बघतात, कॅसेट कुणी नेत नाही.

म्हणून ठरवतो, की जो अहोंना सुखरूप उतरवून घेईल त्याला मशीनवरचा दिवा मिळेल आणि माझ्यानंतर तो धरायचे कामही त्याचेच राहील. तिच्यामागे यंत्र आणि कॅसेट त्याची. अहो उजेडवाल्या यंत्रात गेले तरी संध्याकाळी तिच्या शेजारी बसणे चुकणार नाही.

कलम ४. हे मृत्युपत्र पाकिटात बंद करून ठेवायचे नाही. मी गेल्यावर वाचून काय उपयोग? प्रती आजच मुलांना पाठवत आहे. वकील म्हणाले, असे कुणी करत नाही. नसतील करत.

साक्षीदार: कोपऱ्यावरचा घड्याळवाला, औषधाच्या दुकानातल्या बाई. शेजारीणबाई सही करणार होत्या, पण त्यांना खिडकीतली कुंडी हवी आहे, आणि ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात. कुंडी त्यांची.

घड्याळवाल्याच्या सहीपुढचा लांब फराटा खाडाखोड समजू नये. सही करताना आतून "अहो मेले!" ऐकू आले आणि त्याचा हात उडाला. मी त्याच्या समोरच बसलो होतो.

सही: शिंपी
ठिकाण: राहते घर, खिडकीपाशी, कारण दिवा आत तिच्याकडे आहे. तारीख वकिलांच्या शिक्क्यावरची धरावी.

थोरल्या, ताई, जावईबापू, कॅसेट न्यायला कोण येतो आणि कधी, एवढे लवकर कळवा. मी आधी जातो की तो सेल, काही सांगता येत नाही. एका ओळीत कळवलेत तरी चालेल. फक्त "बघतो" लिहू नका.