एकसुरी

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आईच्या उशाशी आता श्वासाचं यंत्र आलंय. दिवसभर घुर्रर्र चालू. आई म्हणते, काय हे एकसुरी! गाणं शिकवायची तेव्हा विद्यार्थ्यांना हीच शिवी द्यायची, आठवतं ना? तुझ्या वाट्याला तर रोज यायची. थोडा वेळ बंद कर, मला गुणगुणायचंय, असा हट्ट धरते. मी ऐकत नाही. आवाज जरा खालीवर झाला की हातातलं टाकून धावते. धड जेवण नाही की झोप नाही.

आई रोज तुझी वाट बघते. रजा काढ आणि ये, बाबा. लोभ कागदावर पुष्कळ झाला, आता प्रत्यक्ष घेऊन ये.

तुझी,
ताई


ता. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

बॉयलरवरचा जोडीदार आजारी आहे, साहेब रजेचं नाव काढू देत नाहीत. महिनाअखेर नक्की येतो. तू उगाच जीव टांगणीला लावू नकोस. आम्हा बॉयलरवाल्यांचा नियम ऐक. आवाज एकसुरी आहे तोवर सगळं ठीक, बदलला तरच उठायचं. मी तर खुर्चीत खुशाल डुलक्या काढतो. तूही जरा आडवी हो.

आईला सांग, तिचा बेसूर लेक येतोय. आल्यावर यंत्र बंद करून दोघं गाऊ. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा


ता. १९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

शेजाऱ्यांनी कळवलं असेलच. आई गेली.

त्या दुपारी तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. हसली. म्हणाली, त्याला म्हणावं लवकर ये, सूर मी देईन. मग मी तिथेच चटईवर पडले. आवाज अगदी एकसुरी होता. कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली रे. जाग आली तेव्हाही आवाज तसाच, म्हणून लोळत राहिले. तुझी गादी कुठे घालावी याचा विचार करत होते. मग चहा केला, तिचा कप घेऊन गेले. हात गार लागला.

डॉक्टर म्हणाले, जागी असते तरी उपयोग नव्हता. मला नाही पटत. यंत्राला काय, माणूस असो नसो, ते आपलं घुरघुरतंय.

तुझ्यावर राग नाही, लोभ आहे तसाच आहे. पण ते यंत्र अजून चालूच आहे. बंद करायला माझा हात धजत नाही. तू करणार होतास ना? ये, आणि कर.

तुझी,
ताई