घोरपडीचं डोहाळजेवण

ईडन प्रेरी, मिनेसोटा

तीर्थस्वरूप शोभाआत्या,

तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना नमस्कार. तेल लावतेस ना? मी सुखरूप आहे, जेवण वेळेवर होतं. फोनवर तू अर्धवट ऐकूनच रडायला लागतेस, म्हणून सविस्तर लिहिते.

मी घोरपडी पाळल्या आहेत. आपल्या बांधावरच्या नव्हेत; या ऑस्ट्रेलियाच्या, हातभर लांब, इथे पाळायची परवानगी असलेल्या. एक नर, एक मादी. हौसेसाठी रानातून प्राणी पकडणं थांबायचं असेल, तर पिंजऱ्यात जन्मलेली पिल्लं मिळायला हवीत, असं माझं प्रामाणिक मत आहे. (घरातली पहिली पदवीधर म्हणून प्राणिमात्रांप्रति माझी काही जबाबदारी आहे, असं मी घरमालक मोरेश्वरकाकांना सांगितलं. ते म्हणाले, "जबाबदारी घे, पण झाकण घट्ट लाव.")

त्यांच्या तळघरात मी प्लायवुडची मोठी पेटी ठोकली, ऊन म्हणून वर दिवा लावला, तळाशी गुडघाभर माती भरली. मादी गाभण राहिली आणि खरी काळजी सुरू झाली. घोरपड उबदार, ओलसर मातीत बीळ खणून अंडी घालते. मनासारखी जागा मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकून ती मरू शकते. माझी माती ढासळत होती. ती खणायची, बीळ कोसळायचं, ती माझ्याकडे पाहायची. मी चिकणमाती मिसळली, पाणी शिंपडलं. (पुस्तकात सगळं सोपं असतं.) शेवटी तिने खाणं सोडलं.

मोरेश्वरकाकांच्या बायकोला, सुनेत्राकाकूंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, पहिलटकरीण ती. तिचे डोहाळे कुणी पुरवले का?" मी विज्ञानाचा दाखला दिला. "विज्ञान राहू दे, हिरवी साडी आहे का तुझ्याकडे?"

शनिवारी मराठी मंडळातल्या बायका आल्या. घोरपड एकटी पाटावर बसेना, म्हणून मला हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून खुर्चीत बसवलं आणि तिला माझ्या मांडीवर, पदराखाली. ओटी भरली. पेढा की बर्फी ओळखायला दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या, तेवढ्यात त्यांच्यातल्या नीनामावशींनी वरच्या पट्टीत गाणं धरलं. घोरपडीने उडी मारली. बायका खुर्च्यांवर. (नऊवारीत इतकं चपळ होता येतं हे मला ठाऊक नव्हतं.)

ती सापडली काकूंच्या कढीपत्त्याच्या कुंडीत. आत्या, इथल्या थंडीत कढीपत्ता जगवणं म्हणजे मूल वाढवणं. काकू पाहुण्यांनाही पानं मोजून देतात. मुळांनी धरलेली ती माती ढासळत नव्हती. घोरपड तीत अर्धी शिरली होती आणि मुळं बाहेर उडत होती. मी उचलायला धावले, तर काकूंनी माझा हात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"राहू दे. अडलेली आहे ती."

सहा अंडी झाली. बाळंतीण ठणठणीत आहे, झुरळं खाते. (मुद्दाम विकत आणलेली, आईला सांगू नकोस.) कढीपत्ता गेला. काकूंनी अजून कुंडी उचललेली नाही.

तुझ्या यशला आशीर्वाद.

तुझी,
विनीता

ता. क. बारसंही करायचं काकूंनी ठरवलंय. मी विरोध केलेला नाही.

ता. क. आणखी एक. काकूंनी फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला: "आमच्याकडचं डोहाळजेवण!" फोटोत घोरपड दिसत नाही, फुगलेला पदर दिसतो. तो फोटो फिरत फिरत आपल्या गावी पोचलाय, हे मला आज कळलं. काल तुझ्या भावाने, आमच्या तात्यांनी, फोन करून "बाप कोण?" एवढंच विचारलं. मला वाटलं, अखेर ते माझ्या कामात रस घेताहेत. मी आनंदाने सांगितलं: ऑस्ट्रेलियाचा आहे, स्वभावाने शांत, दिवसभर तळघरात दिव्याखाली पडून असतो. तात्यांनी फोन ठेवला. आत्या, गुडघे कसेही असोत, आजच्या आज आमच्या घरी जा.