हातमोज्याच्या आत आले कुठून

मी, श्रीमती करुणा रविंद्र मखरे, जन्मगाव पळसदेव, तालुका इंदापूर, हल्ली राहणार बारामती, धर्म बौद्ध, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, माझ्या पश्चात कोणी कोणाशी भांडू नये म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, चष्मा नवा आहे आणि शेजारी बसून मला कोणी सांगत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. बारामतीचे राहते घर, आतील सामानासह, माझी एकुलती मुलगी दिशा हिला द्यावे. ती इंदापूरला बँकेत आहे. घर विकायचे की ठेवायचे हे तिने ठरवावे, मी वरून बघणार नाही.

कलम २. पळसदेवला पाण्याकाठी माझ्या वाट्याची जी जमीन आहे, ती माझा भाऊ भानुदास कसतो. ती त्यालाच द्यावी. त्याबाबत माझी तक्रार नाही, कधी नव्हती.

कलम ३. बारामती एमआयडीसीतील वर्कशॉपमध्ये माझे पती कालकथित रविंद्र यांचा निम्मा हिस्सा होता, तो त्यांच्यानंतर माझ्याकडे आला. उरलेला निम्मा त्यांचे मित्र दस्तगीर मुलाणी यांचा. तेथे ट्रॅक्टरचे जुने बॉनेट, मडगार्ड येतात. जुना रंग उतरवायचा, गंज काढायचा, नवा रंग मारायचा, असे काम. माझा हिस्सा दिशाला द्यावा, पण एका अटीवर. अट समजण्यासाठी काय घडले ते लिहिणे भाग आहे.

एका दुपारी रविंद्र पेंट रिमूव्हर लावून बॉनेट खरवडत होते. हातात पिवळे रबरी मोजे होते, भांडी घासायला मिळतात तसले. त्यांचा पुतण्या नागेश याचे हार्डवेअरचे दुकान आहे, तेथून आणलेले. ‘काका, सगळ्याला चालतंय हे,’ असे त्याने सांगितले होते. काम करताना हाताची आग होऊ लागली. मोजे घातलेले असल्यामुळे, घामाने होत असेल, असे त्यांना वाटले. काम उरकून मोजे काढले तेव्हा बोटांची कातडी निघून आली.

जखमा भरल्या, पण उजव्या हाताची बोटे पुरती वळेनात. शर्टाची बटणे मी लावू लागले. मी बटणे लावीपर्यंत ते छताकडे बघत उभे राहत.

नागेशने नात्यागोत्यात सांगितले, ‘काकांनी मोज्याच्या वरपर्यंत हात बुडवला असणार.’ रविंद्र मला पुन्हा पुन्हा सांगत, ‘मी बुडवला नव्हता. मोज्याला भोकही नव्हतं, पाणी भरून बघितलं. मग आत आलं कुठून?’ पुढे पुढे त्यांनी हे विचारणे सोडले. ‘बुडवलाही असेल,’ असे म्हणू लागले. मला ते ऐकवत नसे.

दस्तगीरभाईंनी वेगळेच काढले. ‘वयनी, मोजं नसतं तर आग व्हताच त्यानं हात धुतला असता. मोज्यानंच घात केला. हितनं पुढं वर्कशॉपात मोजं न्हाय!’ मी म्हटले, उद्या कोणी अॅसिडमध्ये उघडा हात घालील. ते म्हणाले, ‘तुमची शाळा निरवांगीला हाय, हितं न्हाय.’ तेव्हापासून आमचे बोलणे बंद झाले.

मी निरवांगीच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवत होते आणि मला माझ्याच घरातल्या प्रश्नाचे उत्तर येत नव्हते. सुट्टी लागल्यावर मी नागेशकडून तसेच मोजे विकत घेतले. वर्कशॉपच्या मागे उघड्यावर एक तार बांधली. लांब चिमट्याने धरून एका मोज्यात रिमूव्हर ओतला, दुसऱ्यात गंज काढायचे पातळ अॅसिड, आणि दोन्ही तारेला टांगून खाली पत्र्याच्या घमेल्यांत कोरडी वर्तमानपत्रे ठेवली. पाण्याची बादली जवळ घेऊन, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब बसले.

अॅसिडचा मोजा होता तसा राहिला. रिमूव्हरचा मात्र फुगू लागला. बोटे लांबली, जाड झाली, रंग फिकटला. मग बाहेरून ओलसर दिसू लागला, कपाळाला घाम यावा तसा. खालच्या कागदावर डाग पडला.

दस्तगीरभाई दारातून बघत होते. न राहवून त्यांनी विचारले, ‘भोक पडलं व्हय?’

‘भोक नाही.’

‘मग?’

‘रबरच त्याला वाट देतंय.’

ते स्टूल घेऊन आले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘निळं मोजं बघायचं का? गॅरेजवाली वापरत्यात ती.’ निळ्या मोज्याला डिझेल आणि ग्रीस चालले. रिमूव्हरने त्याचीही तीच गत केली. आता प्रश्न आम्हा दोघांचा झाला. मोजे बनवणाऱ्या एका कंपनीला फोन लावला, तेव्हा कळले की असल्या रिमूव्हरला प्लॅस्टिकच्या अनेक पातळ थरांचे वेगळेच मोजे लागतात. ते ढिले असतात, म्हणून पकड येण्यासाठी वरून दुसरा मोजा चढवायचा. म्हणजे दस्तगीरभाईंचेही अर्धे बरोबर होते. भलताच मोजा घातला तर तो आत शिरलेले रसायन कातडीला धरून ठेवतो.

मी रविंद्र यांना घरून बोलावून घेतले. ते फुगलेल्या मोज्यासमोर उभे राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे मी हात बुडवला नव्हता.’

‘नव्हता,’ दस्तगीरभाई म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटणे लावताना ते छताकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

तर अट अशी: त्या वर्कशॉपमध्ये कोणताही डबा उघडण्यापूर्वी त्याला चालणारा मोजा हातात असला पाहिजे. अॅसिडला जाड, कोपराकडे जाणारा रबरी. डिझेल-ग्रीसला निळा. रिमूव्हरला थरांचा. घालण्यापूर्वी हवा भरून, भोक नाही ना, हे बघावे. आतून ओल किंवा आग जाणवली तर काम तिथेच टाकून मोजा काढावा व हात धुवावा. कोणता मोजा हे माहीत नसेल तर विचारावे, तोवर डबा बंद. ड्रिल व ग्राइंडरवर मात्र मोजा घालूच नये, मशीन तो ओढून हात आत घेते. ही अट कोर्टात टिकेल याची खात्री नाही, असे वकीलबाई म्हणतात. टिको न टिको. दिशा माझी मुलगी आहे, ती पाळील.

कलम ४. नागेशला काही देऊ नये असे मी आधी कच्च्या कागदावर लिहिले होते. तो कागद फाडला. त्याने काकांची माफी कधी मागितली नाही, आता तर काकाही राहिले नाहीत. पण गेल्या दिवाळीत मी त्याच्या दुकानात उभी असताना एकाने मोजे मागितले, तेव्हा नागेशने आधी विचारले, ‘कशाला पायजेत?’ माझ्याकडे बघून नाही, सवयीने विचारले. काकांची स्कूटर त्याला द्यावी.

कलम ५. माझ्या मागे त्रिशरण-पंचशील म्हणावे. जेवणावळ नको.

कलम ६. वर्कशॉपमागे मी नंतर स्वखर्चाने बांधलेली शेड दस्तगीरभाईंच्या एकट्याच्या नावे करावी असे माझ्या मनात होते. वकीलबाई राजनंदिनी म्हणाल्या, जो साक्षीदार होईल त्याच्या नावे काही ठेवू नका. शेड हवी की साक्षीदार व्हायचे, ते मी दस्तगीरभाईंना विचारले. ‘शेड द्या कुणाला बी,’ ते म्हणाले, ‘सही माझी पायजे.’ म्हणून शेडही दिशालाच.

सहीपूर्वी त्यांनी हा मजकूर वाचला. त्यांनी मोजे बंद केले, या ओळीवर ते थांबले.

‘हे खोडा, वयनी.’

‘खरं आहे ते.’

‘खरं हाय,’ ते म्हणाले. त्यांनी पेन माझ्या हातात दिले. ‘मग म्होरं एवढं लिवा. रव्याचं हात बगून मला भ्या वाटलं हुतं. कुनाला सांगता येईना, म्हनून वरडलो.’

त्यांच्या सांगण्यावरून, त्यांच्याच शब्दांत लिहिले.

वरील सर्व मजकूर माझा असून तो वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर मी सही केली आणि माझ्या समोर त्यांनी.

(सही) करुणा रविंद्र मखरे

साक्षीदार:
१. (सही) दस्तगीर बाबालाल मुलाणी, बारामती
२. (सही) अॅड. राजनंदिनी शंभूराज काळे, बारामती

स्थळ: बारामती, जिल्हा पुणे
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५