शिळा आकडा

प्रिय बाबा,

काल सकाळी संघाची निवड चाचणी झाली. ट्रॅकवरून बाहेर येऊन बूट सोडायच्या आत फोन वाजला. बघते तर तुमचा मेसेज, सगळ्यांत पहिला. ‘टायमिंग किती?’ एवढंच. शेजारी माझ्या खोलीतली मुलगी बसली होती. तिच्या उंचीमुळे आम्ही तिला जिराफ म्हणतो. ती म्हणाली, नशीबवान आहेस, माझ्या वडिलांना मी पळते की उड्या मारते हेही धड माहीत नाही. तिला काय सांगणार, कपाळ? मी नुसती हसले. तुम्हाला उत्तर दिलं नाही, ते या पत्रात देते आहे. हल्ली पत्रं कोण लिहितं म्हणून जिराफ सकाळपासून चिडवतेय. चिडवू दे.

इकडचं म्हणाल तर ठीक चाललंय. खोलीत चार खाटा आणि एक खिडकी, तीही अडकते. जेवण पोटभर असतं, फक्त सगळ्याला एकच चव. इथल्या मॅडम फार कडक आहेत. पहिले दोनशे मीटर मी उधळल्यासारखी पळते म्हणून रोज माझी खरडपट्टी निघते. टाच आता दुखत नाही. आईशी रात्री बोलले. दिवसभर काज-बटणं करून तिची बोटं पुन्हा सुजली आहेत, ते तिने सांगितलं नाही, पण फोन दोनदा हातातून निसटला तेव्हा कळलं. तिने टायमिंग विचारलं नाही. जेवलीस का, एवढंच विचारलं.

बाबा, तुम्ही मला मैदानावर न्यायचात ते दिवस आठवतात? वजनकाट्यावर पहिली पाळी असली तरी आधी मैदान, मग ट्रकची वजनं. सायकलच्या दांडीवर मी, आणि वाटेत भेटेल त्याला तुम्ही सांगायचात, ही आमची पळपुटी. चारशे मीटरची फेरी पुरी झाली की मला शिकवणाऱ्या सरांच्या आधी तुम्ही टायमिंग बघायला पुढे यायचात. सरांनी तर तुम्हाला स्वतःजवळचं दुसरं स्टॉपवॉच देऊन टाकलं होतं. इतर मुलींच्या पालकांना ते ऐकवायचे, बाप असावा तर असा. ते ऐकून मी अशी काही पळायचे की विचारू नका.

एकच कोडं मला सुटायचं नाही. मी जीव तोडून पळावं, सरांनी पाठ थोपटावी आणि संध्याकाळी तुम्ही तोंड पाडून बसावं. उलट एखाद्या दिवशी अंगात कणकण असायची, मी कशीबशी फेरी ओढायचे, आणि तुम्ही आइस्क्रीम घेऊन गाणं गुणगुणत घरी यायचात. मला वाटायचं, सरांना दिसत नाही असं काहीतरी माझ्या पळण्यातलं तुम्हाला दिसतं. मग मी माझं काय चुकलं ते शोधत बसायचे. हात नीट हलले नाहीत का, वळणावर कमी पडले का. किती मूर्ख होते मी!

मग क्रीडा वसतिगृहाची चाचणी आली. राहणं, जेवण, शिक्षण, बूट, सगळं तिथलं. बासष्ट सेकंदांच्या आत फेरी मारायची, बस. ऐन वेळी सरांच्या घड्याळाने मान टाकली, म्हणून तुमचं घड्याळ ग्राह्य धरलं. मी रेषा ओलांडली आणि थांबता थांबता तुमच्याच अंगावर आदळले. तुमच्या अंगठ्याखाली मला एकसष्ट दिसलं. पुढचं वाचेपर्यंत तुम्ही घड्याळ शून्यावर आणलंत आणि सरांना मोठ्याने सांगितलंत, बासष्ट चाळीस. डोळ्यांत घाम गेला होता, म्हटलं मलाच चुकीचं दिसलं असेल. बाप मुलीचं टायमिंग वाढवून कशाला सांगेल? यादीत माझं नाव आलं नाही, तेव्हा तुम्ही आईला म्हणालात, कमाल आहे, बासष्टच्या वर चाळीस असूनही घेत नाहीत म्हणजे काय!

त्याच संध्याकाळी तुम्ही लाल रंगाचे स्पाइक्स आणलेत, दुकानातले सगळ्यांत भारी. खाली बसून स्वतः नाड्या बांधल्यात. मी रडले, तर तुम्हाला वाटलं आनंदाने. खिळे झिजायच्या आत ते विकलेही गेलेत म्हणा.

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने माझे डोळे उघडले. त्या दिवशी तुमची पाळी लांबली होती आणि मी एकटीच परत येत होते. तो कात्री घेऊन बाहेर धावला. म्हणाला, अगं पोरी, आजचे शेवटचे दोन आकडे सांगून जा, तुझे बाबा आले नाहीत, आकडा लावायला सगळे खोळंबलेत. आत अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईकसुद्धा मान वळवून बघत होतं. मला सगळं ठाऊक आहे असंच त्याला वाटत होतं. तुझ्या बाबांचा नियम पक्का, असं कौतुकाने सांगत होता. आकडा त्याच दिवशीचा हवा, पोरीने पळून काढलेला, सरांसमोर बोललेला. शिळा झाला की मेला. आणि चाळीस कसा लागला म्हणून सांगू, आदल्या रात्री त्यांना स्वप्नातच दिसला होता!

तुम्ही दुष्टपणा केला असता तर बरं झालं असतं, बाबा. निदान त्यासाठी तरी माझ्या पळण्याकडे बघावं लागलं असतं. इतकी वर्षं घड्याळ धरून उभे राहिलात आणि मी चांगली पळाले की वाईट, हे तुम्हाला एकदाही कळलं नव्हतं. परीक्षेतल्या मार्कांसारखं जास्त ते चांगलं, अशीच तुमची समजूत. त्या दिवशी वर थोडे घालून मुलीचं भलंच केलं, असंही वाटलं असेल. सर आजही म्हणतात, तेव्हा तुला दडपण आलं. मी मान डोलावते. घरातली लाज कुठे वेशीवर टांगू? मला तुमचा भयंकर राग येतो. आणि एवढं सगळं कळूनही काल शेवटच्या वळणावर माझी नजर कुंपणापाशी तुम्हाला शोधत होती, त्याचा त्याहून जास्त येतो.

तर तुमच्या मेसेजचं उत्तर. निवड झाली का, हे तुम्ही विचारलं नाहीत. झाली. चाचणी बंद दाराआड होती, आकडे कुठे छापून यायचे नाहीत. फोनवर सांगणं सोपं होतं, पण तुम्ही चप्पल पायात अडकवून सलूनकडे निघाला असता. पत्राला पोचायला चार-पाच दिवस लागतात, म्हणून पत्र. तुम्ही हे वाचाल तेव्हा आकडा शिळा झालेला असेल. तुमच्याच नियमाने मेलेला. कुणी त्याला हात लावणार नाही, तुम्हीही नाही. आता ते नुसतं तुमच्या मुलीचं टायमिंग आहे. त्रेपन्न सतरा. कमी म्हणजे चांगलं असतं, बाबा.

तुमचीच,
पळपुटी